"घालून द्या की पटकन!"

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, आणि खरं तर आठवड्यातनं एकदा तरी कुणीतरी हे विचारतंच. परवा लग्नात वरात निघायची घाई, माझी सहा वर्षांची लेक हॉलच्या पायरीवर बसून सँडलचा बेल्ट ओढतेय, मी शेजारी नुसती उभी, आणि तुम्ही अगदी कळवळून म्हणालात, "अहो, तिला डाउन सिंड्रोम आहे ना, मग कशाला त्रास देता, घालून द्या की पटकन." तुम्ही मायेनंच बोललात ते कळलं मला. म्हणून तर नीट सांगावंसं वाटलं, तिथे त्या गडबडीत जमलं नाही.

तिच्याकडे एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनाऐवजी तीन प्रती आहेत. त्यामुळे स्नायू सैल, सांधे नको तेवढे लवचिक, बोटं आखूड, म्हणजे आपण न बघता लावतो ते बटण लावायला तिला खरोखर ताकद लागते. शिवाय ऐकलेलं डोक्यात पोचून हात हलायलाही वेळ लागतो. आपण काय करतो, "बूट घाल" म्हणतो, दोन सेकंद थांबतो, परत म्हणतो, आणि मग आपणच घालतो, ती बिचारी अजून पहिल्या वाक्यावरच असते! मी आता मनात दहा आकडे मोजते. सात-आठपर्यंत बरेचदा हात हलतो.

आणि नुसतं तिच्यावर सोडून दिलंय असं नाही हां. तीन वर्षांची होती तेव्हा आमच्या ओटीच्या, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीच्या (रोजची कामं स्वतः करायला शिकवतात ती) मॅडमनी चड्डी घालायला उलटीकडून शिकवायला सांगितलं, बॅकवर्ड चेनिंग म्हणतात त्याला. पाय मी घालायचे, गुडघ्यावरनं वर मी घ्यायची, कमरेशी शेवटचा ओढा फक्त तिचा. म्हणजे काम पूर्ण होतं ते तिच्या हातून, टाळ्या तिला. मग मांडीपासून तिनं, मग गुडघ्यापासून, असं करत करत पूर्ण चड्डी तिची तिनं घालायला दीड वर्ष गेलं. दीड वर्ष! पण ते आता कायमचं तिचं आहे. हात धुवायचं मात्र लवकर जमलं, कारण बेसिनवर तिचेच फोटो ओळीनं चिकटवले, नळ, साबण, चोळणं, पाणी, टॉवेल. ऐकण्यापेक्षा बघून तिला पटकन कळतं.

सासूबाईंना सुरुवातीला हे अजिबात पटायचं नाही, त्या लपून भरवायच्या तिला. रोज मलाही जमत नाही, व्हॅन खाली हॉर्न मारत असते तेव्हा मीच घालते सगळं, आजारी असली की घालते.

पण शाळा बघत होतो तेव्हा एका ठिकाणी पहिला प्रश्न आला, "शी-शू स्वतःची स्वतः करते का? नाहीतर अवघड आहे." 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिच्यासारख्या मुलांना 6 ते 18 वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे, मी तो सांगितलाही, भांडले, आणि पुढेही भांडेन. पण त्या रात्री घरी येऊन मी तिची नाडीची पँट काढून इलॅस्टिकची आणली, कारण वर्गातनं बाथरूमला जाताना मी तिथे नसणार. आमच्या माघारी हिचं कसं, हे आम्हा सगळ्या आईबापांच्या उशाला असतंच, त्याचं मोठं उत्तर माझ्याकडे नाही. पँट वर घेता येणं एवढं मला आज करता येतं.

तुम्ही पुढे निघून गेलात म्हणून तुम्हाला दिसलं नाही. बेल्ट लागला. थोडा तिरका लागला. तिनं पायाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि दुसरी सँडल पुढ्यात ओढली. बँड तोवर कोपऱ्यावर पोचला होता, आम्हाला ऐकू येत होता.