चौथीतच वाट ठरते: बायर्नच्या शाळा आणि आपली मुलं

म्युनिकला नोकरीसाठी येणाऱ्या मराठी कुटुंबांची सगळी धावपळ घर मिळवण्यात जाते. मूल आठ-नऊ वर्षांचं असेल, तर त्याहून घाईची गोष्ट शाळेची आहे. बायर्न (बव्हेरिया) राज्यात चौथीच्या मुलांना मे महिन्याच्या सुरुवातीला एक प्रमाणपत्र मिळतं. त्यात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी असते. इथे १ ही सर्वोत्तम श्रेणी आणि ६ सर्वात वाईट. सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझिउम, म्हणजे विद्यापीठाची सरळ वाट. २.६६ पर्यंत रेआलशूले, जी दहावीला संपते. बाकीच्यांसाठी मिटेलशूले, म्हणजे मुख्यतः व्यवसायाकडे नेणारी शाळा. मूल तेव्हा जेमतेम दहा वर्षांचं असतं. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असल्याने दोन वर्षं जास्त मिळतात.

शाळा समाजात नेमकं काय करते, हा समाजशास्त्राचा जुना प्रश्न इथे उघडा दिसतो. टॉलकट पार्सन्स यांनी १९५९ मध्ये अमेरिकन शाळेच्या वर्गाची दोन कामं सांगितली: समाजाची मूल्यं मुलात रुजवणं आणि मोठेपणी कोण कुठल्या जागी जाईल याची निवड करणं. ही निवड कर्तृत्वावर होते, असं त्यांना वाटत होतं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिअर बोर्दिअ यांनी नेमकं तेच खोडून काढलं. शाळा ज्याला मुलाची हुशारी म्हणते, त्यातला मोठा भाग घरून आलेला असतो: बोलण्याची ढब, पुस्तकं, शिक्षकांसमोरचा मोकळेपणा.

गणिताच्या पेपरातच बघा. शाब्दिक उदाहरणाचं उत्तर पूर्ण वाक्यात लिहायचं असतं; नुसती संख्या लिहून मूल थांबलं, तर गणित बरोबर असूनही गुण जाऊ शकतो. किंमत २० युरोंनी उतरली की २० युरोंवर उतरली, हा फरक जर्मनमध्ये एका छोट्या शब्दयोगी अव्ययावर असतो. पुण्यात गणितात पुढे असलेलं मूल इथे अडतं ते अशा जागी. तोंडी सहभागाचं तेच. वर्गात हात वर करणं, मत मांडणं यालाही श्रेणी मिळते. विचारल्याशिवाय बोलू नये असं वळण लावलेलं आपलं मूल शिक्षकांना निरुत्साही वाटू शकतं. शिक्षकांना भेटून हे स्पष्ट सांगावं, आणि ते चौथीच्या सुरुवातीलाच, कारण प्रमाणपत्रात त्या वर्षाच्या श्रेणी धरतात.

त्यात प्राथमिक शाळा परंपरेने दुपारपर्यंतच. पुढचा गृहपाठ, वाचन आणि चाचणीची तयारी घरावर. ज्या घरात दुपारी जर्मन येणारं मोठं माणूस नाही, तिथलं मूल मागे पडतं. पूर्ण दिवसाच्या देखभालीचा कायदेशीर हक्क ऑगस्ट २०२६ पासून टप्प्याटप्प्याने, पहिलीपासून सुरू होतो. पिसा २००० या, पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निकाल डिसेंबर २००१ मध्ये आले, तेव्हा घरची परिस्थिती आणि मुलांचं वाचन यांचा दुवा जर्मनीत फार घट्ट निघाला आणि देश हादरला.

मग निर्णय पालकांवरच का सोडू नये? काही राज्यांत तसंच आहे. पण समाजशास्त्रज्ञ रेमों बूदों यांनी १९७० च्या दशकात दाखवलेली गोष्ट इथे लागू पडते: गुण सारखे असले तरी कामगाराचं घर जवळची, कमी जोखमीची शाळा निवडतं आणि शिकलेलं घर वरची. म्हणजे पालकांना मोकळीक दिली म्हणून भेद मिटत नाही. मराठी वाचकाला हा विचार परका वाटू नये. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी शेतकऱ्यांच्या करातून वरच्या जातींचं उच्च शिक्षण पोसलं जातं, असं ठणकावून सांगितलं आणि बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं मागितलं. दहाव्या वर्षी चाळणी लावणं मला अन्यायाचंच वाटतं. त्याचा खरा फटका निर्वासित आणि कामगारांच्या मुलांना बसतो. आपण आयटीतले लोक त्यात बरेच सुरक्षित आहोत, हेही मान्य करायला हवं.

आता उपयोगाचं. मातृभाषा जर्मन नसलेलं आणि पहिलीपासून जर्मन शाळेत नसलेलं मूल ३.३३ सरासरीवरही पात्र ठरू शकतं. कमी गुण भाषेमुळे पडले असावेत आणि ती उणीव भरून निघेल असं शाळेला वाटायला हवं. ही सवलत अनेक पालकांना ठाऊकच नसते, म्हणून ती स्वतःहून विचारा. तरीही सरासरी कमी पडली, तर हव्या त्या शाळेत तीन दिवसांचा चाचणी-वर्ग असतो, जर्मन आणि गणिताचा. एका विषयात ३ आणि दुसऱ्यात ४ आले की उत्तीर्ण. दोन्हींत ४ असतील तर निर्णय पालकांचा.

रेआलशूले मिळाली म्हणून घरात सुतक पाळू नका. दहावीनंतर फाखओबरशूले या व्यवसायाभिमुख उच्च माध्यमिक शाळेत जाता येतं: बारावीला उपयोजित विज्ञान विद्यापीठांचा प्रवेश, तेरावी केली तर पुढची दारंही. किंवा कंपनी आणि व्यवसाय-शाळा अशी दोन ते साडेतीन वर्षांची उमेदवारी, पहिल्या महिन्यापासून मानधनासह. पुढे माइस्टर (उमेदवारीनंतरची वरची परीक्षा उत्तीर्ण) झालेला कारागीर जर्मन पात्रता-चौकटीत पदवीधराच्याच, सहाव्या पातळीवर धरला जातो.

नोंदणीची मुदत मे महिन्यातच, मोजक्या दिवसांची असते. प्रमाणपत्राची मूळ प्रत, जन्मदाखला आणि गोवराच्या लसीचा पुरावा लागतो. भारतातलं लसीकरण कार्ड फक्त मराठीत असेल तर बालरोगतज्ज्ञांकडून इथल्या पिवळ्या पुस्तिकेत नोंद आधीच करून घ्या.