कान तपासायला आलेला मुलगा आणि टाइप 4 कोलॅजन

मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे दिवसभर लोकांना हेडफोन लावायचे आणि आवाज आला की बटण दाबा म्हणायचं. त्या दिवशी एक बाई शाळकरी मुलाला घेऊन आल्या, तक्रार एकच, वर्गात लक्ष नसतं. ऑडिओग्राम काढला तर दोन्ही कानांत नसेचा दोष, हाय फ्रिक्वेन्सीला जास्त, आणि जन्मल्यावरची टेस्ट मात्र नॉर्मल. अशा मुलांच्या घरच्यांना मी किडनीचं विचारतेच. विचारलं तर मामा तरुणपणीच डायलिसिसवर गेलेला आणि त्यालाही कमी ऐकू येतं, मग मुलगाच हळूच म्हणाला, मॅडम मला ताप आला की लघवी तपकिरी होते.

ईएनटीच्या सरांनी लगेच लघवी तपासायला लावली, रक्तही होतं, प्रोटीनही. आल्पोर्ट सिंड्रोम असावा म्हणाले, 1927 साली आल्पोर्ट नावाच्या डॉक्टरांनी एका कुटुंबात हेच लिहून ठेवलेलं, लघवीत रक्त आणि बहिरेपण.

या आजारात टाइप 4 कोलॅजन या प्रोटीनच्या जीनमध्ये दोष असतो. कोलॅजनचा दोष म्हटल्यावर आई म्हणाल्या, ते स्किनवालं ना? मी पावडर घेते, यालाही देऊ का? आता काय सांगणार! कातडी, हाडं, टेंडन यांत असतं ते टाइप 1, शरीरात सगळ्यात जास्त तेच. कुर्चेत मुख्यतः टाइप 2, रक्तवाहिन्यांच्या भिंतीत 1 सोबत 3. हे सगळे ताण सोसणारे धागे, पण टाइप 4 चे धागे होतच नाहीत, त्याची पातळ जाळी बनते, पेशींच्या थराखाली अंथरलेली. किडनीची गाळणी, कानातला कॉक्लिया, डोळ्याच्या भिंगाचं आवरण, तिन्हीकडे या जाळीत प्रोटीनच्या त्याच तीन साखळ्या, आल्फा 3, 4 आणि 5, त्यामुळे एक बिघडली की तिन्ही ठिकाणी त्रास होऊ शकतो. म्हणून डोळेही तपासायला सांगितले. पावडर तर पोटातच पचून तिचे तुकडे होतात, आणि शरीर नवी साखळी विणणार ती स्वतःच्या जीनप्रमाणेच.

पुढे जीन टेस्टमध्ये आल्फा 5 चाच दोष निघाला. तो जीन एक्स क्रोमोसोमवर, मुलाकडे एकच एक्स, त्यामुळे पर्यायच नाही. आईकडे दुसरा चांगला आहे, तरी त्यांच्याही लघवीत लाल पेशी सापडल्या, त्यांना आजवर कशाचा त्रास नव्हता! किडनी जास्त काळ टिकावी म्हणून नेफ्रोलॉजिस्टनी, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांनी, मुलाला एसीई इनहिबिटर हे रक्तदाबासाठीही देतात ते औषध सुरू केलं, मी दोन्ही कानांना मशीन बसवलं, आणि धाकट्या बहिणीचीही लघवी तपासून घ्या म्हणून सांगितलंय.