मांद्र्यातला स्विमिंग पूल आणि त्याचा रंग : माझा अनुभव

स्विमिंग पूलला कुठला रंग लावायचा हे दुकानात ठरत नाही. आधी लावलेला रंग कुठला आहे, त्याखालचा गिलावा किती धड आहे आणि जमिनीतलं पाणी कुठवर आलंय, यावर ते ठरतं. डब्यावरचं नाव त्यानंतर बघायचं. हे मी इतकं ठासून सांगते, कारण पूलच्या रंगाबद्दल मी ज्याला ज्याला विचारलं त्याने आधी कंपनी सांगितली, आणि तुमच्या भिंतीवर सध्या काय आहे हे मात्र फार थोड्यांनी विचारलं.

गोव्यात पेडणे तालुक्यात मांद्र्याला आमचं घर आहे. मागच्या भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, पाहुण्यांसाठी खोल्या काढल्यात आणि त्यांच्यासमोर सासऱ्यांनी बांधून घेतलेला पूल आहे. लांबी ८ मीटर, रुंदी ४ मीटर, एका टोकाला १ मीटर खोल आणि दुसऱ्या टोकाला दीड. त्यांनी टाइल्स न लावता तो रंगवून घेतला होता. या उन्हाळ्यात रंगाचे पापुडे सुटून फिल्टरमध्ये अडकायला लागले, तेव्हा तो पूर्ण खरवडून नव्याने रंगवायचं काम मी अंगावर घेतलं. ‘आता टाइल्सच लावून टाक ना’ असं घरातल्या प्रत्येकाने सुचवलं. पण टाइल्सचा खर्च कितीतरी पट जास्त, आणि आमच्याकडच्या पाण्यात सिमेंटच्या सांधेभरणीचीही झीज होतेच. शिवाय एखादी टाइल फुटली की पोरांचे पाय कापतात. रंग दर काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो हे मान्य आहे, तरी मला तोच पटला.

पूलच्या रंगांत मुख्य जाती तीन. ॲक्रिलिक पाण्यात मिसळणारं, लावायला सगळ्यात सोपं आणि किंचित ओलसर भिंतीवरही चालणारं, पण टिकतं साधारण दोन-तीन वर्षं. क्लोरिनेटेड रबर तीन ते पाच वर्षं जातो. इपॉक्सी दोन भागांत येतं, बेस वेगळा आणि हार्डनर वेगळा. तयारी नीट झाली असेल तर ते सात-आठ वर्षंही काढतं, मात्र तयारीत कसूर झाली तर पहिल्याच वर्षी सुटतं. ऐकताना इपॉक्सीच घ्यावं असं वाटतं. पण खाली जुना रबर असेल तर त्यावर इपॉक्सी चढवायचं नाही. इपॉक्सीतलं सॉल्व्हंट, म्हणजे रंग विरघळवणारा द्रव, खालच्या रबरला मऊ करतं, तो सुरकुततो आणि दोन्ही थर मिळून सुटतात.

आमच्याकडे जुन्या रंगाचं बिलही नव्हतं आणि डबाही नव्हता. ओळख पटवायला आमच्या रंगाऱ्याने एक सोपी युक्ती दाखवली. हे मेस्त्री पूर्वी खनिज वाहून नेणाऱ्या बार्जेस, म्हणजे सपाट बुडाच्या मालवाहू बोटी, रंगवायचे. मांडवी-झुआरीच्या काठच्या बार्ज दुरुस्तीच्या यार्डांत त्यांची उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे दोन भागांच्या रंगावर त्यांचा हात पक्का बसलेला. गोव्यात इपॉक्सी लावणारा माणूस शोधत असाल तर घरं रंगवणाऱ्यांपेक्षा बोटींवर काम केलेला माणूस शोधा, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र बार्जचाच रंग पूलला चालतो असं नाही. कायम पाण्याखाली राहणारा, क्लोरीन सोसणारा आणि पूलसाठी म्हणून बनवलेलाच रंग घ्यायचा.

मेस्त्रींनी भिंतीवरून नखाएवढा पापुद्रा काढला आणि काचेच्या बाटलीत झायलीन हे सॉल्व्हंट घेऊन त्यात टाकला. जरा वेळाने काडीने बाहेर काढला तर तो लिबलिबीत झालेला, हातमोज्याला चिकटला आणि पांढऱ्या फडक्यावर निळा डाग सोडून गेला. ‘वहिनी, रबर आहे,’ ते म्हणाले. ॲक्रिलिक असतं तर साध्या स्पिरिटनेच मऊ पडलं असतं. पक्कं वाळलेलं इपॉक्सी या दोन्हींना दाद देत नाही. आम्ही तळ, भिंती आणि पायऱ्या अशा वेगवेगळ्या जागांचे पापुद्रे तपासले, कारण मधल्या काळात कुणी पायऱ्यांना भलतंच काही फासलेलं असू शकतं. सगळीकडे रबरच निघाला.

मग प्रश्न उरला, रबरवर पुन्हा रबर द्यायचा की सगळं काढून इपॉक्सीकडे जायचं? जुना थर घट्ट असेल तर रबरवर रबर हेच शहाणपणाचं, खर्चही कमी आणि धूळही कमी. आमचा घट्ट आहे का ते बघायला ब्लेडने फुली मारली, वर चिकटपट्टी दाबून बसवली आणि झटक्यात ओढली. पट्टीबरोबर रंगाचे थरच्या थर निघून आले आणि खाली करडं सिमेंट दिसलं. तिथे निर्णय झाला. एवीतेवी सगळं काढायचंच आहे तर मग इपॉक्सी.

आता वेळेबद्दल. गोव्यात पूल कधी रिकामा करायचा याची मुभा आपल्याला फारशी नसते. पावसाळ्यात इथे ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, जमीन पाण्याने भरून जाते आणि ते पाणी रिकाम्या पूलच्या तळाला खालून रेटतं. वर पाण्याचं वजन नसेल तर तळाला तडे जातात, कधी अख्खा पूलच वर उचलला जातो. म्हणून जून ते ऑक्टोबर पूल रिकामा करण्याचा विचारही नको. त्यानंतर पाहुण्यांचा हंगाम सुरू होतो आणि थंडीत पहाटे दंव पडतं. उरतात शिगम्यानंतरचे दिवस, मे महिन्यातल्या वळवाच्या सरी येण्याआधीचे. त्यातही मी आधी विहिरीत डोकावून बघितलं. विहिरीतल्या पाण्याची पातळी पूलच्या तळाच्या बरीच खाली गेल्यावरच पंप लावला. पूलमधलं क्लोरीन आधी बंद केलं, उन्हात ते उडून जाऊ दिलं आणि मगच पाणी माडांना सोडलं.

खरवडण्याचं काम सगळ्यात किचकट. ग्राइंडरला काँक्रीट घासायची चाकी लावून भिंती घासल्या आणि मग प्रेशर पंपाने धुतल्या. धूळ भयंकर उडते आणि ती फुप्फुसात जाणं चांगलं नाही, म्हणून साधा रुमाल बांधून कुणालाही आत उतरू दिलं नाही. रंग निघाल्यावर मेस्त्रींनी हातोडीच्या दांड्याने सगळा गिलावा ठोकून बघितला. धड गिलावा टणटण वाजतो, सुटलेला पोकळ वाजतो. पोकळ जागा खडूने आखून कापल्या आणि पॉलिमर घातलेल्या दुरुस्तीच्या मॉर्टरने भरल्या. त्याला जेवढे दिवस सुकायला लागतात तेवढे दिले. संपूर्ण नवा सिमेंट गिलावा केला असता तर २८ दिवस थांबावं लागलं असतं. एका कोपऱ्यात पांढरा लोणा फुटला होता, तो ब्रशने घासून काढला.

नंतर ॲसिड. दुकानात म्युरिॲटिक ॲसिड म्हणून मिळतं ते एक भाग आणि पाणी तीन भाग. आधी पाणी घ्यायचं आणि त्यात ॲसिड ओतायचं, कधीही उलट नाही. सिमेंटवर ते फसफसतं, गुळगुळीत कातडी खाऊन जातं आणि रंगाला धरायला जागा होते. लगेच भरपूर पाण्याने धुऊन, धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने उरलेलं ॲसिड मारून, पुन्हा स्वच्छ धुवायचं. वाळल्यावर तळवा फिरवून बघितला तर पृष्ठभाग मध्यम पॉलिश पेपरसारखा लागला. जिथे अजून गुळगुळीत लागत होता तिथे परत ॲसिड मारलं.

सिमेंट वरून कोरडंठाक दिसतं तेव्हाही आतून ओलं असू शकतं. त्यासाठी दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिकचे तुकडे तळाला आणि भिंतींना चिकटवले, चारही कडा टेपने बंद केल्या आणि रात्रभर ठेवले. सकाळी भिंतींवरचे तुकडे कोरडे होते. खोल टोकाला मात्र प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे बारीक थेंब जमले होते आणि सिमेंट काळसर पडलं होतं. घाई करायची असं आमच्या घरातल्यांचं म्हणणं होतं, कारण एका कुटुंबाचं बुकिंग जवळ आलं होतं. मी त्यांना फोन करून तारीख पुढे ढकलली. ओल्या सिमेंटवर इपॉक्सी लावलं तर आतली वाफ त्याला खालून फोड आणते. तुकडे पूर्ण कोरडे निघेपर्यंत आम्ही थांबलो.

माझे दीर बोटीवर असतात, तेव्हा नेमके सुट्टीवर घरी होते. दवबिंदूचा, म्हणजे हवेतली वाफ ज्या तापमानाला पाणी होऊन बसायला लागते त्याचा, हिशेब त्यांनी समजावून सांगितला. भिंतीचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश जास्त असेल तरच रंग लावायचा, जहाजावरही हाच नियम. हवा ३० अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असेल तर दवबिंदू २५ अंशांच्या आसपास येतो, म्हणजे भिंत २८ च्या वर हवी. सकाळी सातला सावलीतला तळ तेवढा तापलेला नसतो, आणि डोळ्यांना न दिसणारा ओलावा त्यावर बसलेला असतो. ‘वहिनी, दहाच्या आधी डबा उघडायचाच नाही,’ भावजींनी ताकीदच दिली. दुसरीकडे, भर उन्हात तापलेल्या सिमेंटवर लावलं तर बुडबुडे धरतात. म्हणून वर हिरवी शेडनेट ताणली आणि दुपारी तीनच्या सुमाराला काम थांबवलं. संध्याकाळच्या दमट हवेत ताज्या इपॉक्सीवर चिकट, पांढुरका थर येतो आणि तो धुऊन काढल्याशिवाय पुढचा हात बसत नाही.

रंग किती लागेल? तळ ३२ चौरस मीटर, भिंती साधारण ३०, म्हणजे ६२. खडबडीत सिमेंटवर लिटरला ५ चौरस मीटर धरले, तर एका हाताला साडेबारा लिटर. रंगछट मी अगदी फिकट निळी घेतली. गडद निळा फोटोत छान दिसतो, पण त्यात तळ नीट दिसत नाही, आणि पूलमध्ये पोरं असताना तळ दिसणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पाणी मुळात तांबडा प्रकाश शोषून घेतं, त्यामुळे पांढऱ्या तळावरही ते निळंच दिसतं. पायऱ्यांच्या कडांना मात्र गडद पट्टा मारला आणि ओल्या रंगावर बारीक सिलिका वाळू भुरभुरवली, पाय घसरू नये म्हणून.

बेस आणि हार्डनर अर्धेमुर्धे काढायचे नाहीत, जमेल तिथे पूर्ण पॅक एकत्र करायचा. मेस्त्रींनी ड्रिलला पाते लावून सावकाश ढवळलं, डब्याच्या कडा आणि बूड खरवडून पुन्हा ढवळलं, आणि डब्यावर सांगितलं होतं तेवढा वेळ मिश्रण तसंच ठेवलं. एकदा मिसळलं की घड्याळ सुरू. तापमान १० अंशांनी वाढलं की मिश्रण वापरायला मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो, म्हणून लहान लहान पॅक मिसळले. पहिला हात त्याच कंपनीचं थिनर घालून थोडा पातळ दिला, सिमेंटने तो पिऊन घेतला. दुसरा हात दुसऱ्या दिवशी. पुढचा हात किती वेळाच्या आत द्यायचा याचीही मर्यादा असते. ती उलटली तर आधीचा थर इतका कडक होतो की पॉलिश पेपर मारल्याशिवाय नवा धरत नाही.

सॉल्व्हंटची वाफ हवेपेक्षा जड असते, ती पूलच्या खोल टोकाला साचते. तिथे ब्लोअर लावून हवा बाहेर खेचत राहिलो, रंगवणाऱ्यांना कार्ट्रिजचे मास्क दिले आणि एक माणूस कायम काठावर उभा ठेवला. बिडी ओढायची तर भाटाच्या पलीकडे.

शेवटच्या हातानंतर आठवडाभर पूल तसाच ठेवला. हात लावला तर रंग दुसऱ्याच दिवशी सुकलेला लागतो, पण आतून पूर्ण कडक व्हायला वेळ लागतो. मग सुमारे ४० हजार लिटर पाणी न थांबता भरलं, कारण मध्ये थांबलं की तिथे रेघ उमटते. पाइपाच्या तोंडाखाली जुनं पायपुसणं ठेवलं.

यापुढची गोष्ट गोव्यात विशेष सांभाळायची. चिऱ्याच्या जमिनीतल्या विहिरींचं पाणी बहुधा मृदू आणि किंचित आम्लधर्मी असतं. असं पाणी रंग खातं, आणि मग पायऱ्यांवर हात फिरवला की पांढरी भुकटी लागते. इपॉक्सीला उन्हाने काही वर्षांनी भुकटी सुटतेच, पण बिघडलेल्या पाण्याने ती फार लवकर सुटते. म्हणून आधी खायचा सोडा घालून क्षारता, म्हणजे आम्ल पचवायची पाण्याची ताकद, ८० ते १२० पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) दरम्यान आणली. ४० हजार लिटरला ती १० पीपीएमने वाढवायला साधारण ६७० ग्रॅम सोडा लागतो. दुसऱ्या दिवशी कॅल्शियम क्लोराइड बादलीत विरघळवून टाकलं आणि कठीणपणा २०० च्या वर नेला. दोन्ही एकाच वेळी टाकले तर पाणी दुधट होतं. पीएच ७.२ ते ७.६ मध्ये ठेवते. क्लोरीनची टॅबलेट थेट तळावर कधीच टाकत नाही, तिथे रंग विटतो. ती तरंगत्या डब्यात ठेवते. पावसाळ्यात पावसाचं पाणी पडून सगळे आकडे खाली येतात, त्यामुळे तेव्हा पाहुणे नसले तरी दर आठवड्याला किट घेऊन पाणी तपासते आणि सोडा वाढवते.