आमची वाटचाल : नॉटिंगहॅममधलं जुन्या बीएमएक्सचं दुकान

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला आलो तेव्हा माझा नवरा टूलमेकर होता आणि मी लोकांचे हिशेब लिहायचे. सायकलींचा धंदा दोघांच्याही डोक्यात नव्हता. पण या गावात रॅले या सायकल कंपनीला चुकवून राहता येत नाही. साताऱ्याकडे आमच्या आजोबांच्या पिढीला रॅले म्हणजे सायकलींतलं घरंदाज स्थळ. आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना होता, पण ‘विलायतेची’ म्हटलं की भाव वेगळा! ती विलायत म्हणजे हेच गाव. 1887 पासूनचं हे नाव. इथलं उत्पादन 2002 मध्ये थांबलं आणि कारखान्याच्या बऱ्याच जागेवर आता विद्यापीठ उभं आहे.

आमची पहिली गाडी भंगारात निघालेली रॅले बर्नर, म्हणजे रॅलेची बीएमएक्स (मातीतल्या शर्यतींची, उड्या मारायची छोटी दणकट सायकल). नवऱ्याने छर्रे बदलले, पुढच्या चाकाचा चिमटा सरळ केला आणि ती गॅरेजबाहेर उभी केली. पन्नाशीतला एक शेजारी थांबला आणि बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, लहानपणी नाताळला हीच मागितली होती, मिळाली दुसरीच. आमचं अर्धं गिऱ्हाईक या एका वाक्यातलं आहे.

थोडा इतिहास सांगायलाच हवा. 1970 च्या सुमारास दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं मोटोक्रॉसची, म्हणजे मातीतल्या मोटरसायकल शर्यतींची, नक्कल करत श्विन स्टिंगरे सायकली मातीत उडवू लागली. त्या गाड्या यासाठी बनलेल्याच नव्हत्या, त्यामुळे चाकं वाकायची, चिमटे मोडायचे. 1974 च्या आसपास सिमी व्हॅलीच्या मंगूस कंपनीने ओतीव धातूची मोटोमॅग चाकं काढली, रेडलाइन कंपनीने क्रोमोली या मजबूत मिश्र पोलादाच्या नळीचा चिमटा आणला. म्हणजे आज संग्राहक ज्या भागांसाठी हजारो पौंड मोजतात, ते मुळात पोरांच्या मोडतोडीवरचे इलाज. ब्रिटनमध्ये ही लाट जरा उशिरा आली. 1982 मध्ये ‘ई.टी.’ चित्रपटातल्या मुलांनी ओसाकाच्या कुवाहारा सायकली पळवल्या, त्याच वर्षी रॅलेने बर्नर बाजारात आणली. खरं सांगायचं तर रेडलाइनपुढे साधी बर्नर जड आणि बोजड. पण आठवण वजनकाट्यावर बसत नाही, आणि गिऱ्हाइकाला मी हे कधी ऐकवत नाही.

सुरुवातीला आम्ही गाड्या विकायचो. मग लक्षात आलं, लोकांना गाडीपेक्षा खात्री हवी असते. नॉटिंगहॅमच्या फ्रेमवर ठोकलेल्या क्रमांकाचं पहिलं अक्षर ‘एन’, दुसरं महिन्याचं, पुढचा आकडा वर्षाचा. 2 असला तर 1982. एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण त्या फ्रेमवरचे ब्रेक, क्रँक, स्टिकर त्याच काळातले का, हे सांगणं वेगळं. मूळ भागांसारखे नवे भाग आणि स्टिकर आता सर्रास मिळतात. ते वापरायला आमची हरकत नाही. फक्त बिलावर ‘नवी प्रत’ असं लिहिलं जातं. हिशेबनिसाची सवय, दुसरं काय. एका व्यापाऱ्याला कोऱ्या फ्रेमवर जुना क्रमांक ठोकून हवा होता. नवरा नाही म्हणाला, तेव्हापासून ते काम दुसरीकडे जातं.

नायलॉनच्या चाकांची तर वेगळीच गंमत. कॅलिफोर्नियातल्या रेडिंगच्या स्कायवे कंपनीची टफ व्हील्स पांढरी असतील तर उन्हाने पिवळट पडतात. नायलॉन कपड्याच्या रंगात उकळलं की रंग धरतं, म्हणून पांढऱ्याची निळी करून दुर्मीळ म्हणून विकणारे महाभाग आहेत. आम्ही एक्सल काढून आत बघतो, तिथला रंग सहसा खरं बोलतो. (पावसात या चाकांवर ब्रेक लागत नाही. दाखवायला छान, उतारावर देव आठवतो.)

सगळ्यात आवडतं काम म्हणजे वरचा रंग उतरवणं. त्या काळी पोरं बापाच्या डब्यातला दाराचा रंग काढून गाडीला फासायची. एक बाई भावाची गाडी घेऊन आल्या, सगळी हिरवी. पूर्ण खरवडून नवा रंग देणं स्वस्त पडलं असतं. त्याऐवजी आधी फ्रेमच्या पोटाशी, जिथे कुणी बघत नाही, तिथे द्रावण लावून पाहिलं. मग प्लास्टिकच्या पातीने, कापसाने, बोटभर जागा. खालचं लॅकर (मूळ रंगावरचा पारदर्शक थर) मऊ पडतंय असं वाटलं की थांबायचं. हळूहळू मूळ स्टिकरची अक्षरं वर आली, ओरखड्यांसकट. ते ओरखडे आम्ही बुजवले नाहीत. भाऊ हयात नव्हता. बाईंनी ते कुठे पडले तेही सांगितलं.

2020 च्या टाळेबंदीत लोकांनी माळे उपसले आणि आमच्याकडे रांग लागली. पुढच्याच जानेवारीपासून ब्रेक्झिटमुळे युरोपात पार्सल धाडायला सीमाशुल्काचे कागद आले, जर्मनी-हॉलंडची छोटी गिऱ्हाइकं आटली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात टोकियो ऑलिंपिकला ब्रिटनच्या बेथ श्रीव्हर आणि शार्लट वर्दिंग्टन यांनी बीएमएक्समध्ये सुवर्णपदकं जिंकली, तेव्हा मात्र बापांबरोबर मुलीही दुकानात येऊ लागल्या. त्यांना जुनं काही नको असतं, पण टायर विकले जातात.

सध्या नवरा, मी आणि एक पोरगा, एवढीच माणसं. गाडी विकायची असेल तर आधी क्रमांकाचा आणि दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा. आणि कृपा करून धुऊ नका, पॉलिश तर मुळीच नको.