रोरोसनं ढिगारेसुद्धा जपलेत

रोरोसला लोक जुनी लाकडी घरं बघायला येतात. माझी दुपार गेली ती गावाला टेकून असलेल्या काळ्या ढिगाऱ्यांपाशी. तांबं वितळवल्यावर उरलेला मळ तो, पिढ्यानपिढ्या भट्टीशेजारीच ओतलेला. नॉर्वेच्या डोंगरातलं हे गाव १६४४ पासून तांब्यावर जगलं. १९७७ मध्ये कंपनी बुडाली आणि १९८० मध्ये गाव जागतिक वारसा यादीत गेलं. तीन वर्षांत! या ढिगाऱ्यांनाही संरक्षण आहे. कचऱ्याला!

खाली चौकात, जिथं खनिज तोलायचे, तिथं पाळीची घंटा अजून उभी आहे. ती बघितली आणि पोटात खड्डा पडला. नांदेडकरांना उस्मानशाही मिलचा, आमच्या बंद पडलेल्या कापडगिरणीचा, भोंगा मी वेगळा सांगायला नको. आमच्या घरचा स्वयंपाक त्या भोंग्यावर व्हायचा.

तिथूनच मिलमध्ये काम केलेल्या आप्पांना फोन लावला, ढिगारे दाखवले.

"हे काय दाखवायलास रे? राखंला कुंपण घातलंय का?"

मग स्वतःच गप्प झाले. थोड्या वेळानं मिलमधल्या साचे खात्याचं बोलायला लागले. कोण कुठल्या पाळीत होता, उन्हाळ्यात आत काय उकडायचं, कापसाचा फुफाटा नाकात कसा बसायचा. बंद दाराआड राहिलेली ती मिल त्यांना अजून पाठ आहे.

पण इथल्या लोकांसमोर मी मान खाली घालणार नाही. १६४६ मध्ये राजानं खाणीभोवतीचा सुमारे ४५ किलोमीटर त्रिज्येचा मुलूख कंपनीला दिला: जंगल, पाणी, खनिज सगळं. शेतकऱ्यांना कंपनीची कामं करावी लागत. कोळशासाठी रानं उजाड झाली. कामगारांची खुराड्याएवढी घरं त्या ढिगाऱ्यांच्या पायथ्याशीच आहेत, आत वाकून जावं लागतं. शिवाय पाच-सहा हजार वस्तीच्या गावाला जुनं राखणं जमतं. आपल्याकडे मिल थांबली तेव्हा घरोघरी चूल कशी पेटायची हा प्रश्न होता. भिंती राखायचं कुणाला सुचणार होतं?

तरीही ती घंटा डोक्यातून जात नाही. भोंगा राखायला काय लागलं असतं? एक खांब, थोडी जागा.

नांदेडात कुणाच्या पेटीत मिलचा बिल्ला, पगाराची चिठ्ठी, पाळी सुटतानाचा फोटो असेल तर रद्दीत घालू नका. मागं नावं लिहून ठेवा. नावं सांगणारी माणसं आता थकलीत. आप्पांची मी दर रविवारी फोनवर लिहून घेतोय.