वसंतातील फेरपेरणी: पूर्वेकडच्या पट्ट्याचे कोडे उलगडले

लॉनच्या पूर्वेकडच्या ज्या उघड्या पट्ट्यावर पेरूनही गवत उगवत नव्हते आणि ज्याविषयी मागच्या नोंदींमध्ये मी सविस्तर लिहिले होते, तो कोरा राहण्याचे कारण अखेर हाती लागले आहे: तेथील माती पाणी आत घेतच नव्हती.

इतर पट्ट्यांचे वर्तमान समाधानकारक आहे. मातीचे तापमान सकाळीही 10 अंश सेल्सिअसच्या वर टिकू लागल्यावर केलेली पेरणी तेथे दाट उगवली आहे. बियाण्याच्या मिश्रणातील रायगवताला रुजण्यास साधारण 5 ते 10 दिवस आणि ब्लूग्रास या दुसऱ्या गवताला 14 ते 28 दिवस लागतात. त्यामुळे रायच्या पात्यांच्या बुडाशी ब्लूग्रासचे पहिले बारीक कोंब दिसले तेव्हा झालेला आनंद आपल्यापैकी अनेकांना ओळखीचा वाटेल.

पूर्वेकडच्या पट्ट्यावर मात्र तेच मिश्रण, चौरस मीटरला 35 ग्रॅमचे तेच प्रमाण आणि तीच उथळ पेर असूनही एकही कोंब धड वर येत नव्हता. बियाण्याविषयीची शंका उगवण चाचणीने दूर झाली, कारण ओल्या कागदात ठेवलेल्या त्याच बियाण्याला उत्तम मोड आले. तणनाशकाचा अंश मातीत राहिला असावा हा तर्कही टिकला नाही. संपूर्ण लॉनला एकच उपचार दिला होता आणि बाकी पट्टे उगवले होते. पक्ष्यांपासून बचाव व्हावा म्हणून वर जाळीदार कापड अंथरले, तरी फरक पडला नाही. उरला संशय माती घट्ट झाल्याचा, म्हणून पोकळ दात्यांचा काटा चालवला आणि बाहेर आलेल्या मातीच्या कांडीनेच उत्तर दिले. वरचा सेंटीमीटरभर थर ओला होता; त्याखाली, नियमित पाणी देऊनही, माती पिठासारखी कोरडी होती. तिच्यात पांढरे तंतू पसरले होते आणि अळिंबीचा स्पष्ट वास येत होता. कांडी पूर्ण वाळवून तिच्यावर ठिकठिकाणी पाण्याचे थेंब ठेवले. पाच सेकंदांपेक्षा अधिक काळ थेंब तसाच राहिला तर माती जलरोधी झाली असे मानतात. येथे तंतूंच्या थरावरचे थेंब त्याहून कितीतरी अधिक काळ गोल आणि चकचकीत राहिले. मातीत वर्तुळाकार वाढत जाणाऱ्या बुरशीचे वलय पसरताना मातीच्या कणांवर मेणचट आवरण तयार होते आणि पाणी आत मुरण्याऐवजी बाजूला ओघळते. बी वरच्या ओलीवर रुजत असणार आणि मूळ खाली उतरताच सुकत असणार.

या प्रसंगाने पोकळ दात्यांच्या काट्याविषयीचे माझे मत आणखी पक्के झाले आहे. लॉनला भोके पाडण्यासाठी घालतात त्या खिळ्यांच्या चपला माती फक्त बाजूला दाबतात. हा काटा ती बाहेर काढतो आणि आत काय चालले आहे ते दाखवतोही. पट्टे बुजवण्यासाठी मिळणाऱ्या तयार मिश्रणांचा येथे उपयोग नाही, कारण त्यांतील भुसा वर ओल धरतो आणि खालचा कोरडा थर झाकून टाकतो.

तंतूंचा थर फोडून काढल्यावर मी द्रवरूप ओलकारक, म्हणजे पाणी मातीत मुरायला मदत करणारे द्रव्य, सोडले आणि झारीने थोडे थोडे, थांबून थांबून पाणी दिले. भांड्यांचा साबण वापरण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. कोवळ्या रोपांच्या जागी तो मला अजिबात मान्य नाही. आता नव्या कांडीवर थेंब ठेवताच मुरतो आणि मातीला वाफसा आला आहे.

येत्या पेरणीत कोरडे मिश्रणच टाकायचे ठरले होते, परंतु हे लिहिताना एक वेगळा विचार पटू लागला आहे. ब्लूग्रासला इतके दिवस वरची ओल अखंड मिळण्याची खात्री या जागी देता येत नाही. तेव्हा ते आधी भिजवावे, पाणी बदलत राहावे, निथळून ओलसर वाळूत मिसळावे आणि पहिल्या काही बियांवर मुळाचे पांढरे टोक दिसताच पेरावे. त्याहून उशीर झाला तर हाताळताना मुळे तुटतात. राय मात्र त्याच वेळी कोरडेच टाकीन. एरवी राय आधी वाढून ब्लूग्रासवर सावली धरते. या पद्धतीने दोघे जवळजवळ बरोबरीने वर येतील. हे जमले तर उरलेल्या विरळ जागांवरही हाच क्रम ठेवीन आणि रोपे 7 ते 8 सेंटीमीटर झाल्यावरच पहिली कापणी करीन, तीही वरच्या एक तृतीयांश भागापुरती.