एकटीने घर घेताना: आधी एरिया ठरवला, फ्लॅट नंतर

एकटीच्या पगारावर घर घ्यायचं म्हटलं की सगळे आधी विचारतात बजेट किती, आणि मग विचारतात कुठे बघतेयस. माझ्या मते एकट्या माणसाच्या बाबतीत हे दोन प्रश्न नसून एकच प्रश्न आहे. आता व्यवहार पूर्ण झालाय, सगळं ताजं आहे तोवर लिहून टाकते.

पैशाचं आधी उरकते. बँक जेवढं कर्ज द्यायला तयार होती त्यापेक्षा बरंच कमी घ्यायचं हे मी आधीच ठरवलं होतं, कारण बँक आजचा पगार बघते आणि माझ्या घरात दुसरा पगार नाही. फ्लोटिंग रेटचं, म्हणजे मध्येच बदलू शकणाऱ्या व्याजदराचं, गणित एकदा स्वतः करून बघा. २० वर्षांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी घेतलं आणि रेट सुरुवातीलाच साडेनऊवर गेला तर हप्ता ७ टक्क्यांपेक्षा जास्त वाढतो, आणि हप्ता आहे तेवढाच ठेवायचा म्हटलं तर मुदत २५ वर्षांच्याही पुढे जाते. म्हणून डाउन पेमेंट, रजिस्ट्रेशन, थोडंफार फर्निचर सगळं धरूनही सहा महिन्यांचे हप्ते बाजूला उरले पाहिजेत ही माझी अट होती. नोकरी गेली तर "दोन महिने तू बघ" असं सांगायला घरात कोणी नाही, एवढं डोक्यात ठेवलं की आकडा आपोआप खाली येतो.

मग एरिया. इथे मी एक वेगळीच यादी केली. घरात दुसरं माणूस असतं तर ते नेमकं काय काय करतं? दुपारी प्लंबर आला तर दार उघडतं, ताप आला की खाली जाऊन औषध आणतं, रात्री उशीर झाला तर स्टॉपवर घ्यायला येतं, आठ दिवस गावाला गेलो तर झाडांना पाणी घालतं, आणि आपण फोन उचलला नाही तर निदान चौकशी तरी करतं. माझ्याकडे ते माणूस नाही, म्हणजे यातली जमतील तेवढी कामं एरियाने केली पाहिजेत. औषधाचं दुकान चालत जाण्याएवढं जवळ आणि रात्री उघडं हवं, स्टॉपपासून घरापर्यंतचा रस्ता जागता हवा, शेजारी असे हवेत की किल्ली ठेवता येईल. जिम, क्लब हाऊस, स्विमिंग पूल यातलं काहीच त्या यादीत आलं नाही, आणि एजंट लोक नेमकं तेच दाखवत होते.

एजंटांची 'पाच मिनिटं' हा एक स्वतंत्र विषय आहे. स्टेशन पाच मिनिटं, मार्केट पाच मिनिटं, हायवे पाच मिनिटं, सगळंच पाच मिनिटं. रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर गाडीने नेतात तेव्हा ते खरंही असतं बरं का. मी मॅपवर कामाच्या दिवसाची, ऑफिसला पोचायची वेळ टाकून बघायचे, आणि आवडलेल्या एरियातून गर्दीच्या वेळी खरंच ऑफिसला जाऊन बघायचे, बसने आणि चालत, कारण रोज तसंच जाणार होते. जाताना अर्धा तास जास्त आणि येताना अर्धा तास जास्त, ऐकायला काही वाटत नाही, पण वर्षाचे कामाचे २४० दिवस धरले तर २४० तास होतात, म्हणजे आठ तासांची शिफ्ट धरली तर पूर्ण ३० दिवस. चेझारे मार्केट्टी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ मध्ये मांडलं होतं की माणूस कुठल्याही काळातला असो, रोजच्या प्रवासाला साधारण एक तास देतो. माझंही सहनशक्तीचं माप साधारण तेवढंच निघालं, त्याच्या पलीकडचे सगळे एरिया कितीही स्वस्त असले तरी काढून टाकले.

उरले त्या ठिकाणी रात्री गेले. हे प्रत्येकाने करावं, आणि एकट्या बाईने तर करावंच. एक फ्लॅट मला मनापासून आवडला होता, नवी बिल्डिंग, भरपूर उजेड, किचनला खिडकी. रात्री दहाच्या सुमारास स्टॉपवर उतरले आणि गेटपर्यंत चालत निघाले. पहिला टप्पा ठीक होता, नंतर फूटपाथ संपला. एका बाजूला पत्र्याचं लांबलचक कुंपण, दुसऱ्या बाजूला ऑफिसांच्या बंद इमारती, दिवे होते पण झाडांच्या वर, उजेड पानांवर पडत होता आणि रस्ता अंधारातच. एकही खिडकी रस्त्याकडे उघडत नव्हती. सोबत मैत्रीण होती, आम्ही दोघी बोलत होतो आणि कधी गप्प झालो ते कळलंच नाही. गेटवर वॉचमनकाका म्हणाले, "इथे चालत कोणी येत नाही मॅडम, सगळ्यांच्या गाड्या आहेत." माझ्याकडे गाडी नाही आणि हप्ता सुरू झाल्यावर लगेच घेणारही नाही, विषय संपला.

दुसऱ्या एका जुन्या वस्तीत बरोबर उलटं होतं. रस्ता अरुंद, इमारती रंग उडालेल्या, पण खाली दुकानं, वर घरं, पहिल्या मजल्याच्या गॅलरीत बसलेल्या आजी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला बघून घेत होत्या. मलाही बघितलं, दोनदा. "कोणाकडे जायचंय गं?" असंही विचारलं. काहींना ही चौकशी नकोशी वाटेल, मला हवीच होती.

पण अशा ठिकाणी आवाज असतो, त्यातून सुटका नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्ये सुचवलं होतं की रात्रीच्या वेळी रस्त्याच्या वाहतुकीचा आवाज घराबाहेर सरासरी ४५ डेसिबलच्या खाली असावा. फोनवरचं ॲप काही अचूक यंत्र नाही, पण दोन घरांची तुलना करायला पुरतं. रस्त्याकडच्या बेडरूममध्ये आणि मागच्या बाजूच्या बेडरूममध्ये इतका फरक दिसला की मी एजंटला स्पष्ट सांगितलं, मागच्या बाजूचा असेल तरच दाखवा. डेसिबलमध्ये १० चा फरक म्हणजे कानाला साधारण दुप्पट आवाज वाटतो, हे माहीत असलं की आकड्यांकडे बघायची नजर बदलते.

शहराचा विकास आराखडा बघा, समोर मोकळं दिसतंय ते पुढेही मोकळं राहणार आहे की तिथे रस्ता किंवा टॉवर येणार आहे ते त्यातच कळतं. पाणी तुंबतं का हे मालकाला विचारू नका, तळमजल्यावरच्या दुकानदाराला विचारा, तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो इथपर्यंत आलं होतं म्हणून.

मामाचं म्हणणं होतं, डेव्हलप होत असलेल्या भागात घे, मोठा फ्लॅट येईल आणि भावही वाढेल. त्याचं चूक नव्हतं, ज्याच्याकडे थांबायला वेळ आहे आणि दुसरं उत्पन्न आहे त्याच्यासाठी. माझा प्रश्न वेगळा होता: बदली झाली, नोकरी गेली किंवा उद्या कोणी जोडीदार मिळाला आणि घर लहान पडायला लागलं, तर हा फ्लॅट किती लवकर भाड्याने जाईल किंवा विकला जाईल? नव्या भागात एकाच वेळी एकसारखे शेकडो फ्लॅट रिकामे असतात, त्यात आपला एक. भाडेकरू म्हणून बोलायचं नाटक करून मी दोन-तीन एरियात एजंटांना फोन केले, आणि जिथे "मॅडम आज बघा, उद्या राहील असं नाही" ऐकायला मिळालं त्या एरियासमोर यादीत बरोबरची खूण केली.

शेवटी दोन एरिया राहिले तेव्हा त्यातल्या एकात काही दिवस भाड्याच्या खोलीत राहिलेच. आईला हा वेडेपणा वाटला, "घर घ्यायचंय की प्रयोग करायचाय?" म्हणाली. पण तेवढ्यात कळलं की पाणी सकाळी किती वाजता जातं, कचरा रोज उचलतात का, शनिवारी रात्री लाउडस्पीकर कितीपर्यंत चालतो. ज्या सोसायटीत फ्लॅट होता तिथल्या सेक्रेटरींनाही भेटले, सिंकिंग फंडात, म्हणजे मोठ्या दुरुस्त्यांसाठी सोसायटीने साठवलेल्या पैशात, किती शिल्लक आहे, लिफ्ट कधी बदलणार, किती जणांचा मेन्टेनन्स थकलाय, हे सगळं विचारलं. लिफ्टचा खर्च जवळ आलाय हे त्यांनी मोकळेपणाने सांगितलं, आणि तोच मुद्दा धरून मी मालकांकडून किंमत थोडी खाली आणली. ब्रोकरचा चेहरा पडला होता. कागदपत्रं मात्र स्वतःच्या वकिलाकडून तपासून घेतली, ब्रोकरने सुचवलेल्या वकिलाकडून नाही.

फ्लॅट लहान आहे. पार्किंग नाही, बाल्कनी नावालाच, लिफ्टची वर्गणी पुढच्या वर्षी भरावी लागेल ती वेगळी काढून ठेवलीय. हेच पैसे घेऊन शहराच्या टोकाला गेले असते तर एक खोली जास्त आली असती, आणि ती मला अधूनमधून आठवते, विशेषतः आई राहायला आली की. किल्ली समोरच्या काकूंकडे असते. परवा मी ऑफिसात असताना प्लंबर आला, त्यांनी दार उघडून दिलं, त्याच्याशी पैशावरून घासाघीसही केली, आणि मला फोन करून सांगितलं की नळ अजून ठिबकतोय, त्याला उद्या परत बोलाव.